लेकीचे गाल

कामावरून आले की डोक्यावरची टोपीही न काढता शेजारचे भावोजी आधी लेकीचा गाल दोन बोटांत धरायचे. गाल मनासारखा भरलेला लागला की माझ्याकडे वळून म्हणायचे, "गाल दिसाक होये, वयनी." गाल दिसायला हवेत तसे दिसले, की मग टोपी खुंटीवर जायची.

लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी होत्या. ते एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी. थोरली मुलगी दुखण्याने काडीसारखी होऊन गेली, पुढे बायकोही गेली. उरली ही धाकटी, बेबी. दिवसभर ती माझ्याकडे असे. लेकीच्या गालांचं कौतुक करणारे बाप तुम्हीही पाहिले असतील, पण भावोजींचं कौतुक वेगळं होतं. गाल भरलेले आहेत म्हणजे पोर जगणार, एवढाच त्यांचा हिशोब.

कँटीनमधला उरलेला शिरा घरी यायचा. दुधावरची साय, घावणे, खोबऱ्याचे लाडू सगळं बेबीचं. सहा वर्षांची पोर जिना चढताना मध्येच बसायची. मी म्हणायचे, "भावोजी, पुरे करा आता." ते म्हणायचे, "दुसऱ्यांचा बघून पोटात दुखता तुमच्या." आणि मलाच एक लाडू द्यायचे. मीही तो खायचे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. नाक्यावर मोर्चा अडवला की अश्रुधूर सुटायचा आणि थेट आमच्या गॅलरीत यायचा. दारं लावून, ओली फडकी डोळ्यांवर धरून आम्ही बसायचो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे डोळे निवळायचे. बेबीचे मात्र वाहतच राहिले.

"गॅस बसलो हा डोळ्यात," ते म्हणाले. चाळीत सगळ्यांनाच ते पटलं. कुणी गुलाबपाणी दिलं, कुणी घरचं काजळ. एवढ्या गुटगुटीत पोरीला दृष्टही लागलेली असणारच, म्हणून त्यांनी मीठमिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. त्या ठसक्याने आम्ही मोठी माणसंसुद्धा खोकत बाहेर पळालो, आणि बेबीचे डोळे आणखी लाल. शाळेत तिला रडकी म्हणू लागले. ती उजेडाकडे बघेना, सारखी डोळे चोळायची. ती रडली की ते तिच्या हातावर लाडू ठेवायचे.

असे कितीतरी महिने गेले. शेवटी मी हट्टच धरला, तेव्हा आम्ही तिला गिरगावातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिचा गाल अंगठ्याने हलकेच खाली ओढला. डोळ्याला टेकलेले पापणीचे केस बाहेर आले आणि बेबीने कितीतरी दिवसांनी डोळा नीट उघडला. अंगठा काढला तसे केस पुन्हा आत.

"काही मुलांच्या खालच्या पापणीला कातडीची अशी घडी असते," डॉक्टर म्हणाले. "वाढत्या वयात ती बहुधा जाते. पण गाल असे जड झाले, की कातडी वर ढकलली जाते आणि केस आत वळतात. ते सारखे घासून उजव्या बुबुळावर डाग पडलाय."

"गॅस न्हय?" त्यांनी विचारलं.

"गॅसचं पाणी इतके महिने राहत नाही. हिला खायला काय देता?"

बेबीनेच मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. सांगताना लाडवांपाशी आली आणि त्यांनी मान खाली घातली.

छोटं ऑपरेशन झालं. केस बाहेर आले, पाणी थांबलं. डाग मात्र राहिला, त्या डोळ्याने तिला धुरकट दिसायचं. घरात भाकरी, भाजी, ताक असं बेताचं जेवण सुरू झालं. ते तिचं ताट वाढायचे आणि गॅलरीत जाऊन, खोलीकडे पाठ करून, तिचं होईपर्यंत उभे राहायचे. मी एकदा विचारलं, तर कठड्यावरचे हात न काढता म्हणाले, "तिका खाताना माझ्यान बघवणा नाय, वयनी. माझ्या हातानंच डोळो घालवलंय तिचो." मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक होतं?" त्यांना ते पटलं नाही. पुढे बेबी सडसडीत झाली, नोकरीला लागली, तरी त्यांचं गॅलरीत उभं राहणं सुटलं नाही.

ते गेले त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी बेबी माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "काकी, बाबांनी मला जेवताना कधी बघितलं नाही. मी जाडी होते ना लहानपणी. माझं खाणं बघून त्यांना लाज वाटायची."

इतकी वर्षं ही पोर असं समजत होती. ते गॅलरीत माझ्याशी जे बोलले होते, ते मी तिला शब्दाशब्दाने सांगितलं. "बाबांनी मला एकदा विचारायचं तरी, माझा राग आहे का," ती एवढंच म्हणाली.

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी भात वाढला, वर आमटी घातली, आणि तिचं जेवण होईपर्यंत समोर बसून तिच्याकडे बघत राहिले.