बटमोगऱ्याच्या काड्या

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वैशाली नगरच्या घरी मेथी निवडत होते. सेक्टर ६ च्या क्वार्टरवर पोचले, तर माझ्या या नणंदेला अंगणात निजवलेलं आणि भोवती बायका सांगताहेत, किती प्रेमळ होत्या हो... प्रेमळ! ताईच्या जिभेचा फटका खाल्ला नाही अशी त्यांत एकही नव्हती. मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून खात होते.

तिचं प्रेम होतं ते बटमोगऱ्यावर. फाटकापासून ओट्यापर्यंत अर्धे कापलेले ड्रम आणि त्यांत बुटकी, गच्च झाडं. स्टील प्लांटची लाल धूळ बसते म्हणून रोज सकाळी पानं धुवायची. थंडीत मात्र पाणी तोडायची, कात्रीने झाडं छाटून नुसत्या काड्या ठेवायची. नेमकी तेव्हाच टाउनशिपची बगीचा स्पर्धा. शेजाऱ्यांच्या वाफ्यांत पिटुनिया, डेलिया, सगळी बिनवासाची जत्रा, आणि परीक्षक माना डोलावत फिरायचे. ताई मुद्दाम काड्यांचे ड्रम फाटकाशी मांडायची. एका साहेबांनी विचारलं, हे सुकलं का? ताई म्हणाली, "उन्हाळ्यात या साहेब. अन् येतांनी नाक घेऊन या." बक्षीस अर्थातच कधी मिळालं नाही. उन्हाळ्यात फुलं आली की कोणाला तोडूही द्यायची नाही. मी एकदा हात पुढे केला, तर मागून आवाज, "शोभा, हात मांगं घे."

ताई गेली ती यंदाची छाटणी झाल्यावर लगेच. मग तेरवीपर्यंत जो येईल तो त्या काड्या पाहून उसासे टाकी. बघा, ताईंच्या दुःखात झाडंही सुकली! आणि लोटाभर पाणी ओतून जाई. मी सांगून सांगून थकले की ही झाडं आता उपाशी ठेवायची असतात, पाणी पाजलं तर नुसता पाला माजेल, कळी धरणार नाही. ताईची सून पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "मामीजी, रहने दो ना. मम्मीजी की निशानी है." डोंबलाची निशाणी! जिचं जिवंतपणी कोणी ऐकलं नाही, तिच्या झाडांचं तरी कोण ऐकणार?

शेवटी एक ड्रम ऑटोत घालून घरी आणला, सोबत ताईची कात्री. चिखल झालेली माती मोकळी केली, फुटलेला पाला सगळा कापला आणि पाणी बंद केलं. नवरा, म्हणजे ताईचा सख्खा भाऊ, तोही म्हणाला, ताईच्या आठवणीवर अशी कात्री चालवतात का? मी उरलेला पाला कापत राहिले. पण मनात धाकधूक होतीच. हे झाड गेलं असतं तर ताईचं म्हणावं असं माझ्याकडे काही उरलं नसतं.

सेक्टर ६ मधले ड्रम आता हिरवेगार आहेत. फूल एक नाही. लोक त्यांच्यापाशी उभे राहून फोटो काढतात आणि ताईंचा आशीर्वाद म्हणतात.

काल संध्याकाळी माझ्या ओट्यावरच्या ड्रमात पहिली कळी उमलली. वास आतल्या खोलीपर्यंत आला. मी तोडायला हात पुढे केला आणि सवयीने थांबले, मागून आवाज येईल म्हणून. नाही आला. मग मीच हात मागे घेतला.