सांध्यापाशी मागे बांधलेले हात

सखाराम गेल्याचं मला शाळेत कळलं. पोरांकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेत होतो, तेवढ्यात ठाकुरवाडीच्या रूळदुरुस्तीच्या टोळीतला एक गडी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं दाजी ग्येलं." मी म्हटलं, "बरं." आणि पोरांना म्हटलं, "पुढे म्हणा." गडी बिचारा मुंडासं सारखं करत थोडा वेळ थांबला, मग निघून गेला. पाढा संपेपर्यंत माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. खोटं कशाला सांगू, सुटलो असं वाटलं.

याला आता दीड महिना होत आला. पुण्याच्या एका साप्ताहिकात माझं अधूनमधून काही छापून येतं, हे कर्जतला सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे जो तो धरून बसला आहे, "मास्तर, सखारामावर चार ओळी लिव्हा की. देवमानूस व्हता." देवमाणूस! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याच्या तोंडात उठता बसता देव होता हे खरं, आणि त्यापायीच मी अठरा वर्षं त्याचं तोंड पाहायला राजी नव्हतो. तरी लिहितो. मात्र मी गोड लिहीन अशी आशा कुणी धरू नये.

सखाराम माझ्या धाकट्या बहिणीचा, यमुनेचा नवरा. आमचं गाव कडाव. वडिलांचं म्हणणं होतं, शेतकऱ्याच्या पोरीला शेतकरीच पाहावा. पण स्थळ आलं घाटातल्या रेल्वेच्या सांधेवाल्याचं. जिथे रुळाला रूळ फुटतो तो सांधा फिरवायचं काम म्हणजे काय, ते लग्नानंतर मी ठाकुरवाडीला गेलो तेव्हा त्यानंच दाखवलं. घाट उतरताना गाडीचा ब्रेक धरेनासा झाला, तर ती सुसाट सुटायची आणि वळणावर दरीत जायची. म्हणून ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला मुख्य रुळापासून एक फाटा काढला होता. तो उलटा डोंगरावर चढत जाऊन एका मातीच्या ढिगापाशी संपायचा. सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला. वरून येणारी गाडी ताब्यात असली की ड्रायव्हर तीन तुटक शिट्ट्या देई, मग सांधेवाल्यानं दांडा ओढून तिला खालची वाट द्यायची आणि गाडी गेली की सांधा पुन्हा फाट्याकडे. शिट्ट्या आल्या नाहीत तर दांड्याला हात लावायचा नाही. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि दम लागून थांबते.

सगळं करून झालं की सखाराम दोन्ही हात मागे न्यायचा, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरायचा आणि डोंगराकडे बघून म्हणायचा, "आपलं काम झालं. आता त्याचं तो बघंल." दिवसातून जितक्या गाड्या तितक्या वेळा हे चालायचं. मी तेव्हा नुकता मास्तर झालेला, चार पुस्तकं वाचून डोक्यात वारं शिरलेलं. मी म्हटलं, "दाजी, गाडी चढानं थांबते. त्यात देव कुठे आला? असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, त्यातली गत तुमची." तो हसला. म्हणाला, "मी कुठं म्हनतो द्येव गाडी धराया येतो? नको तितं हात घालू नये, येवडंच म्हनतो." यमुना चुलीपाशी बसून पदरात तोंड घालून हसत होती. मास्तराला नवऱ्यानं गप्प केलं, याचं तिला कोण कौतुक! माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्यांना एकच मुलगी झाली, ती दोन वर्षांची होऊन तापानं गेली. त्यानं हयगय केली असं मी म्हणणार नाही. खोपोलीला चालत जाऊन वैद्याला घेऊन आला, चार दिवस सांगितलेल्या वेळी औषध पाजलं. वैद्यानं हात टेकले तेव्हा मात्र हा पोरीच्या उशाशी तसाच उभा राहिला, हात मागे बांधून. मला ते बघवेना. मी ओरडलो, "अहो, रडा तरी!" तो म्हणाला, "रडतोय की, मास्तर." डोळे कोरडे ठणठणीत. त्या दिवसापासून तो मला माणूस वाटेना. ज्याच्या हातून काही होत नाही त्यानं निदान आकांत करावा, देवाला शिव्या घालाव्यात... ही कसली भक्ती?

आणि मग ती दिवाळी. भाऊबीजेसाठी यमुनेला कडावला न्यायला मी मुराळी म्हणून ठाकुरवाडीला गेलो. ती नणंदेकडे फराळ घेऊन खंडाळ्याला गेली होती, सकाळच्या गाडीनं उतरणार होती. मी सांध्यापाशी सखारामाशी बोलत उभा होतो. वरून शिटी आली. तुटक नव्हे, एकच लांबलचक, थांबेचना. सखारामाचा चेहरा पांढरा पडला. "गाडी हातात ऱ्हायली नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग फिरवा सांधा! खालची वाट द्या!" मला तो फाटा दिसत होता ना. तो मातीचा ढीग आणि त्यामागे काळा कातळ. त्यावर आपटून गाडीचा चेंदामेंदा होणार, असंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी दांड्याकडे धावलो. त्यानं मला खांद्यानं ढकलून खाली पाडलं आणि दांड्याकडे पाठ करून उभा राहिला. हात मागे! "आत यमी आहे रे, मेल्या!" मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. तो म्हणाला, "मला ठावं हाय. हात लावू नका."

गाडी धडधडत आली, फाट्यावर वळली, चढाला लागली. यमुना डब्याच्या दारात होती. तिनं उडी टाकली... खाली खडी होती. गाडी पुढे चढत गेली, मंदावली आणि ढिगाच्या अलीकडे पंधरा हातांवर थकलेल्या बैलासारखी उभी राहिली. आतल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. माझी बहीण तेवढी गेली. फराळाच्या रिकाम्या डब्याचं झाकण फाट्यावरून खाली घरंगळत आलं ते मी उचललं, ते अजून माझ्या घरात आहे.

दुसऱ्या दिवशी एक साहेब चौकशीला आला. बरोबरचा कारकून मराठीत विचारत होता. बाईनं उडी का टाकली? कुणी तिला काही सांगितलं का? सखाराम म्हणाला, "नाय, सायेब. भ्याली ती." मी शेजारीच उभा होतो.

तिच्या दहाव्यापासून मी त्याला दाजी म्हणणं सोडलं. कर्जतच्या पारावर म्हणा, लग्नाच्या पंगतीत म्हणा, कुणी त्याचं नाव काढलं की मी म्हणायचो, "माझ्या बहिणीला त्याच्या देवानं मारलं. हा नुसता हात बांधून बघत राहिला." लोक समजावायचे, अहो, गाडी तर वाचली! मी म्हणायचो, मला गाडीशी काय करायचंय? त्यानं दुसरं लग्न केलं नाही. दर भाऊबीजेला नव्या भाताचे पोहे कुणाच्या तरी हाती माझ्याकडे पाठवायचा, मी ते पुडक्यासकट गाईपुढे टाकायचो. एका वर्षी स्वतःच आला. मी आत ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या म्हणाला, "राग धरा, मास्तर. मानसानं कुनावर तरी धराया लागतोच. माज्यावर धरा." मी दार लावून घेतलं. काय हा उद्धटपणा, असं वाटलं. मेला मला माझाच राग दान देतोय!

तेराव्याला मी ठाकुरवाडीला गेलो, ते केवळ लोक नावं ठेवतील म्हणून. जेवणं झाल्यावर पाय आपोआप सांध्याकडे वळले. तिथे आता काळू म्हणून नवा सांधेवाला आहे, वरच्या ठाकरांच्या पाड्यावरचा, तिशीचा, सखारामानंच तयार केलेला. दांड्यासमोरच्या मातीत दोन पावलांचे खळगे पडले आहेत. उभं राहून राहून पडलेले. मी म्हटलं, "काय शिकवलंन रे तुझ्या गुरूनं? हात बांधायला?" काळू म्हणाला, "त्ये तर शिकवलंच. आन् येक शिकवलं. गाडी सुटून आली तर आपून वरडायचं नाय. शेजारी कोन उभं आसंल त्याला बी वरडू द्यायचं नाय, तोंड दाबायचं त्याचं. मानसं वरडन्यानं उड्या टाकत्यात, म्हनायचं. मी इचारलं, तुमाला कसं ठावं? तर हात मागं घेऊन फाट्याकडं बघाया लागलं."

मी तिथल्या दगडावर बसलो. काळूनं पाणी आणून दिलं, ते हातात तसंच राहिलं.

वर मी लिहिलं आहे, यमुना दारात होती, तिनं उडी टाकली. तेवढंच लिहिलं. अठरा वर्षं तेवढंच सांगत आलो. सखारामानं पाडल्यावर मी उठलो आणि फाट्याच्या कडेनं गाडीबरोबर धावलो, हे मी कधी सांगितलं नाही. ती दाराची दांडी धरून घट्ट उभी होती. घाबरलेली होती, पण उभी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. लहानपणी आंब्याच्या झाडावर अडकली की मी खाली उभा राहून हाका मारायचो आणि ती डोळे मिटून खाली यायची. मी जे सांगेन ते ती ऐकायची... मला वाटायचं, त्या खडखडाटात माझा आवाज तिच्याशिवाय कुणाला गेला नसेल.

मी बसलो होतो तोवर वरून एक गाडी आली. तीन शिट्ट्या झाल्या. काळूनं दांडा ओढला, गाडी गेली, दांडा परत लावला आणि हात मागे घेऊन त्या दोन खळग्यांत उभा राहिला. तो बाजूला झाल्यावर मी जाऊन उभा राहिलो. पावलं बरोबर बसली. हात मागे नेऊन पाहिले, ते काही तिथे ठरेनात.

दाजी, तुम्ही ऐकलं होतंत. "यमे, उडी टाक!" मी ओरडलो होतो.