आबांच्या फोनातली बाई आणि कापलेली केळी

"आधी त्या बाईले बंद कर!" आबा ओरडत होते.

आबा म्हणजे माझे वडील, आणि बाई त्यांच्या फोनात होती. रावेरकडच्या आमच्या केळीच्या बागेत, भर मे महिन्यात, आबांना बक्षिसात मोटारगाडी लागल्याबद्दल ती हिंदीत अभिनंदन करत होती. आवाज असा, की सातपुड्यातल्या वाघांनीसुद्धा गाडीसाठी अर्ज भरले असतील.

आम्हाला मोटारगाडी नको होती, ट्रक हवा होता. सकाळीच केळी कापून झाली होती. घड पाल्यावर मांडून वरूनही पाला झाकला होता, पण ऊन इतकं की बागेतली सावलीच सावली शोधत फिरत होती. असा तापलेला माल दुसऱ्या दिवशी कोणी हातात धरत नाही. व्यापाऱ्याने धाडलेला ट्रक निघाला होता, पण नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेला. ड्रायव्हरला एवढंच सांगायचं होतं, कालव्याच्या पाटावरून ये. त्याच्याजवळ नंबर फक्त आबांचा, आणि त्याचा व व्यापाऱ्याचा नंबर फक्त आबांच्या फोनात. कापणाऱ्यांपैकी एकाला मोटारसायकलवर वाट बघायला धाडलं, पण ट्रक भलत्याच गावांतून हिंडत असावा.

फोन वाजायचा. मी हिरव्या बटणाकडे बोट न्यायचो, तोच बटणावर रम्मीची जाहिरात उघडायची. रम्मी हाकलली की पोट कमी करायचं चूर्ण. कोपऱ्यातली फुली मुंगीच्या डोळ्याएवढी, आणि ती दाबली की जाहिरात आणखीच पसरायची. मग लाल पडदा: तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, आत्ताच साफ करा. तोवर रिंग बंद.

"आबा, हे सगळं आत आलं कसं?"

"मी काय बोलावलं का? केळीचा भाव पाहतो रोज. तिथं ते विचारते, सूचना पाठवू का. परवानगी मागते बिचारं, त्याले नाही कसं म्हणू?"

आमच्या घरची रीतच ती. दारात उभं राहून विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. चटया विकणारा असो की वाट चुकलेला, आधी ओट्यावर बसवून पाणी. आबांनी तीच रीत फोनात चालवली आणि जगातले सगळे लफंगे पंगतीला बसवले. एकाने फोन साफ करून देतो म्हटलं, त्यालाही हो. सगळ्यात मोठा लफंगा तोच निघाला.

फोन बंद करून चालू केला, तर कंपनीच्या चिन्हाआधी बाई हजर. सेटिंगमध्ये त्या साफसफाईवाल्याला शोधायला गेलो, तर त्याला ना नाव ना चित्र. हात घामाने ओले झाले, स्क्रीन माझं बोट ओळखेना.

"जळगावले तू कंपुटरवरच बसतो ना?" आबा म्हणाले.

"हो आबा."

"मग?"

मी बोट शर्टाला पुसून फुली दाबली, तर पुन्हा चूर्ण.

"भाऊ," कापणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "ट्रकचं राहू द्या, ते चूर्ण तरी मागवून घ्या." घडांवरचा पाला वाळून कुरकुरत होता.

केव्हाच सुचायला हवं होतं ते तेव्हा कुठे सुचलं: सिम काढून माझ्या फोनात घालायचं. पण सिमचा कप्पा उघडायची टाचणी केळीच्या बागेत कोण ठेवतो? बांधावरच्या बाभळीचे दोन काटे मोडून आणले. पहिला छिद्रातच मोडला, दुसऱ्याने कप्पा उघडला. सिम घातलं आणि आम्ही सगळे त्या फोनाभोवती उकिडवे बसलो, जसं काही अंड्यातून पिल्लू निघणार होतं.

वाजला. धुळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "पाट के रस्ते से आओ."

"भाईसाब, कब से लगा रहा हूँ, कोई उठाता ही नहीं," ड्रायव्हर म्हणाला. "सेठ से पूछा, उन्होंने बगल के गाँव का माल भरने को बोल दिया. भर लिया."

"दूसरी गाडी?"

"आज तो नहीं है."

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं. त्यांनी जवळच्या घडावरचा पाला उचलून पाहिला आणि परत तसाच ठेवला. कापणारे विळे पुसत उठले.

"आबा, आता याचं काय करायचं?" मी विचारलं.

"ढोरायले टाकून दे."