घटिका बुडाली तेव्हा

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून लिहावयास बसलो आहे. कसब्यातील आपण गृहस्थांनी देवळाच्या ओवरीत नवी पाठशाळा काढावयाचे योजिले, आणि कोणास शिकवावे, काय शिकवावे, याविषयी या वृद्धाचे मत मागितले. मत लिहीनच. परंतु त्याआधी एक गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी पुढे सरकत नाही. ती मी आज सकाळपर्यंत कोणाजवळही बोललो नव्हतो — पत्नीजवळ नाही, देवासमोर मोठ्याने नाही.

आपली पेठ विद्वानांची, असे बाहेरगावचे लोक म्हणतात. आहोत का आपण तसे? स्वाऱ्यांचा खर्च वाढला, धान्य महागले, आणि आपली मुले श्रावणातील दक्षिणेवर डोळा ठेवून पाठांतर करतात. तांबट आळीतले पोर भांडे ठोकताना बापाला विचारते, असे का, तसे का. आपल्या मुलांस मी शिकविले, पण विचारू दिले नाही. ज्याला स्वतःलाच कोणी काही विचारू नये असे वाटते, तो दुसऱ्यांना प्रश्न कसे शिकवील?

माझी विद्या ज्योतिषाची. पेठेतील लग्नांत घटिकापात्रापाशी मी बसत असे. आपण पाहिलेच आहे — पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची वाटी सोडायची. तिच्या बुडाच्या बारीक छिद्रातून पाणी चढते, ठरल्या वेळी वाटी बुडते, तोच मुहूर्त. बसणाऱ्याने वाटीवरून दृष्टी काढावयाची नाही. एवढेच त्याचे काम.

यमुनेचे लग्न गोरज मुहूर्तावर होते. शेजारच्या वाड्यात सून म्हणून ती येत होती — लहान, अंतरपाटाआड उभी. वाईहून एक शास्त्री आले होते. त्यांनी सहज विचारले, सायंकाळ सूर्यबिंब अर्धे बुडाल्यापासून मोजावी की पूर्ण? मी अर्धे म्हणालो, ते पूर्ण म्हणाले. आणि मग — मला जिंकावयाचे होते. आसपास चार विद्वान ऐकत होते. मी वचनामागून वचन देत गेलो. शास्त्री निरुत्तर झाले तेव्हा मी प्रसन्न मुखाने घंगाळाकडे वळलो.

वाटी तळाशी होती. किती वेळ तशी होती? कोण जाणे. मुहूर्त कसा मोजावा हे मी सिद्ध करीत होतो, आणि तो माझ्या पाठीमागे निघून गेला होता.

मी काय करावयास हवे होते, हे आपणही जाणता. उठून सांगावयाचे, दुसरा शुभ काळ पाहावयाचा, शांती करावयाची. मी मात्र उपरण्याच्या आडून वाटी वर काढली, ओंजळीने तीत पाणी घातले, पुन्हा सोडली. ती सर्वांदेखत बुडाली. आणि मी उंच स्वरात म्हणालो — घटिका भरली!

पुढे तिचा नवरा स्वारीत गेला. ज्वराने वाटेतच वारला. वेळ चुकली म्हणून गेला काय? ईश्वर जाणे. ज्यांचे मुहूर्त निर्दोष होते असेही कितीजण परत आले नाहीत. परंतु माझा दोष तेथे नाही. तो पुढे आहे.

तेराव्याला तिच्या सासूने सर्वांसमक्ष मला विचारले, "शास्त्रीबोवा, देवाशपथ सांगा. वेळ चुकली होती का? नसेल चुकली, तर ही अवदसाच पांढऱ्या पायाची!"

यमुना दारामागे होती. मला दिसत होती.

"मुहूर्तात तिळभर दोष नव्हता, वहिनी," मी म्हणालो.

एवढेच माझे वाक्य. त्यानंतर ती आयुष्यभर त्या वाक्यात राहिली. कोणाची वरात आली की भिंतीकडे तोंड करून उभी. पुराणाला बसली की सवाष्णी उठून दुसरीकडे बसत. एकदा ती माझ्या अंगणात आली. म्हणाली, "मला अक्षरं शिकवाल का? माझी मी घरी वाचीन पोथी. कुणाला उठायला नको."

मी म्हणालो, शास्त्राची तशी आज्ञा नाही. खोटे — तेही शास्त्राच्या नावाने. ब्रह्मचर्चा करणाऱ्या स्त्रियांविषयी मी उपनिषदांत पढलो नव्हतो काय? खरे कारण एवढेच, की ती रोज माझ्यासमोर बसली असती.

ती "बरं" म्हणाली आणि गेली.

आज सकाळी मी तिच्याकडे गेलो. सासू कधीच निवर्तली; घरात आता पुतण्याची बायको. तिने मला पाहून विचारले, "शास्त्रीबोवा, सकाळीच? श्रावण अजून लांब आहे हो!" मी तिलाही बसवले, आणि दोघींसमोर सर्व सांगितले.

यमुना देवळासाठी वाती वळीत होती. तिचे हात थांबले नाहीत. "सासूबाई असत्या तर —" म्हणाली, आणि पुढची वात वळावयास घेतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पुतणीच्या लग्नात मी कोठीत बसले होते. दार कुणी लावलं नव्हतं. माझं मीच लावलं होतं."

मी क्षमा मागितली नाही. ती देण्याचे काम आणखी तिच्यावर कशाला?

आता माझे मत. पाठशाळेत मुलींना, आणि यमुनेसारख्या स्त्रियांना, अक्षर शिकण्यास जागा असावी. शास्त्र काय सांगते हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी त्यांच्यावर न यावी. शिकवणारा मी नसावा. आणि हा कागद ओवरीत, पेठेसमक्ष, मी स्वतः उभा राहून वाचणार आहे.

आपल्या घरी समई तेवती राहो, धान्य पुरते राहो. आणि आपल्या लेकीसुनांना मांडवात सर्वांच्या पुढे बसावयास मिळो. शुभं भवतु.