मथुराबाईचं नाव

उमरखेडच्या एका दवाखान्यात मथुराबाई आया आहेत. घरी एकट्याच राहतात, आणि दवाखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणतात. पेशंटला हात लावण्याआधी आपलं नाव सांगायचं, असं आम्ही आयांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. कोण खरंच सांगतं, ते बघायला तीन महिन्यांनी मी गेले आणि पेशंटनाच विचारत फिरले. कोणालाच आयाचं नाव सांगता येईना.

शेवटच्या खाटेवरची आजी मात्र म्हणाली, "हे मथुरा हाय. दिवसातून दहा डाव सांगते, कायले इसरीन?"

मी कागदावर खूण केली. चादर बदलणाऱ्या मथुराबाई थांबल्या.

"आजी, पुन्हा म्हना बरं. माय गेल्यापासून कोनी मथुरा म्हनलं नाही."

आजीला उद्या दवाखान्यातून सुट्टी होती. पुढच्या पेशंटलाही हे नाव लक्षात राहू दे, म्हणून मी मनातच देवाला हात जोडले.