बंद जिनिंगची कमाई

मराठवाडा हैद्राबाद राज्यात होता तेव्हाची गोष्ट. पोखर्णीच्या नृसिंहाचं दर्शन आटोपून जिंतूरला निघालो आणि बोरीजवळ मोटारीनं मान टाकली. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, आणि काठावरची जिनिंग (सरकी वेगळी करण्याचा कारखाना) मात्र ऐन हंगामात कुलूपबंद. एका गाडीवानाला, मारोतरावांना, विचारलं, "बिघडलीय का?"

"न्हाई. मशीन लय चांगलं हाय. बंद ठेवायचेच पैसे मिळायलेत मालकाला."

थट्टा वाटली, पण खरं होतं. साऱ्या मालकांनी संगनमत करून 'पूल' केला होता. मोजक्याच जिनिंग चालवायच्या, दर एकच लावायचा आणि नफा बंदवाल्यांनाही वाटायचा. दुपारी दुकान बंद ठेवणं आम्हा पुणेकरांना नवं नाही, पण त्याचे पैसे आम्हाला कुणी दिलेले नाहीत. मी चक्रावून गेलो.

मारोतरावांनी मला घरी नेऊन भाकरी-ठेचा वाढला आणि मागच्या पत्र्याखालचं जुनं यंत्र दाखवलं. गावानं वर्गणी काढून घेतलेली, पण अजून न बसवलेली जिन होती ती.

"गाठी बांधायचे प्रेस पूलवाल्यांचे. आमची रुई (सरकी काढलेला कापूस) घेणार न्हाईत म्हनायलेत. हैद्राबादला पूल मोडायचा कायदा होणार हाय. आमदारसाब आज तेच सांगायला यायलेत."

सभा बंद जिनिंगच्याच ओट्यावर होती. खुर्च्या मालक शेठजींच्या, चहाही त्यांचाच. आमदारांनी मसुदा वाचला. पूल करणं गुन्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढचं कलम आलं: नवी जिन टाकायला समितीचा परवाना लागेल, आणि समितीवर सध्याचे कारखानदार.

मारोतराव उठले. "म्हंजे आमाला परवाना कोन देनार?"

आमदार शेठजींकडे बघून म्हणाले, "हेच. यंत्रातलं आपल्याला काय कळतं? मसुदा जाणकारांकडूनच करून घेतला."

"दरखास्त (अर्ज) द्या की," शेठजी प्रेमानं म्हणाले. "इचार करू."

दुरुस्त झालेल्या मोटारीपर्यंत पोचवायला आलेल्या मारोतरावांनी विचारलं, "तुमी शिकलेले. कायदा आमच्या बाजूचा हाय, का त्यांच्या?" मी नमस्कार करून मोटारीत बसलो. वाईट वाटलं, लाजही वाटली.

पुण्याला परतल्यावर काही महिन्यांनी पेपरात वाचलं, कायदा मंजूर झाला, पूल मोडला. बायकोला आनंदानं सांगायला गेलो आणि परवान्याचं कलम आठवून अर्ध्यातच थांबलो. नव्या जिनला कुलूप लावणं आता सरकारच करणार असेल, तर शेठजींना पूल हवा तरी कशाला?