पागेची विहीर

पाध्ये सरांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की त्यांच्या गमती सांगायचो आणि उठायचो.

गमती होत्याच. जव्हारच्या बाजारात भाजी घेणाऱ्याला ते हळूच म्हणत, "जरा सरका हो, तुम्ही देवडीत उभे आहात. पहारेकरी हाकलतील." शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना एकच ध्यास होता, संस्थानी काळातलं गाव आजच्या गावात शोधायचं. जुना नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून ते नव्या नकाशावर ठेवत. मी आयुष्यभर जमिनी मोजलेल्या, म्हणून कागद जुळवून टाचण्या मी लावायच्या.

एका दुपारी संस्थानच्या घोड्यांच्या पागेची बुजवलेली विहीर नेमकी माझ्या लेकीच्या परसात आली. घर नुकतंच बांधून झालं होतं, आणि जागा मीच पसंत केलेली. बाबांनी विहिरीवर घर दिलं, हे मला ऐकायचं नव्हतं. सर चहा सांगायला बाहेर गेले होते. मी टाचणी उपटून कागद बोटभर सरकवला. विहीर समोरच्या रस्त्यावर गेली.

"तुम्ही जुळवलंय म्हणजे प्रश्नच नाही," सर म्हणाले.

तेव्हापासून पावसाळा लागला की माझ्या लेकीकडच्या फेऱ्या वाढत. नातवाला बघायच्या निमित्ताने जाऊन मी परसातली जमीन टाचेने दाबून बघे. सर मात्र छत्री घेऊन रस्त्यात उभे राहत आणि मोखाड्याच्या जीपांना कडेने जायला सांगत.

"गुरुजी, विहीर उघडली की पहिला हंडा आमचा बरं का," एखादा ड्रायव्हर म्हणे.

"आधी तुझी जीप पडेल, मग हंडा. कडेने घे."

श्रावणात एका सकाळी लेकीच्या परसातला धुण्याचा दगड खचला. कपड्यांचा पिळा घेऊन ती नुकतीच दाराकडे वळली होती. मी पोचलो तेव्हा काठाची ढेकळं अजून सुटत होती, आणि ती पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा येत होता.

सर धावत आले. खड्डा बघून ते म्हणाले, "माझी रेघ चुकली हो. मी भलत्याच जागी उभा राहिलो. तुमची लेक गेली असती." सगळ्या शेजाऱ्यांसमोर त्यांनी मला हात जोडले. "माफ करा."

लेक माझ्याकडे बघत होती.

"असू द्या, सर," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी नकाशाला हात लावला नाही. बाजारातून खाली मान घालून जात. शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचो. "सर," अशी सुरुवात करायचो. ते डोळे उघडून वाट बघत. मग मी विचारायचो, "पाणी देऊ?"